क्लोंडाइकचं विरजण

कॅनडाच्या क्लोंडाइक भागातल्या डॉसन गावी पहिल्याच सकाळी घरमालकीणबाईंनी फ्रीजमधून काचेची एक बरणी काढून माझ्यापुढे धरली. झाकण उघडताच आंबट वास आला, अगदी आपल्या आंबोळीच्या पिठाचा येतो तसा. बाईंनी निम्मं पीठ पॅनकेकसाठी काढून घेतलं, उरलेल्यात मूठभर मैदा आणि पाणी घालून ढवळलं आणि बरणी जागच्या जागी ठेवली. आई विरजणाची वाटी फडताळात सरकवायची, तीच सवयीची हालचाल. पूर्वीच्या लोकांना उणे चाळीसच्या थंडीत हे पीठ गोठू द्यायचं नसे, म्हणून ते त्याची पिशवी रात्री अंथरुणात अंगाशी घेऊन झोपत. या पिठाला म्हणतात सावरडो, आणि इथे मुरलेल्या जुन्या माणसालाही सावरडोच म्हणतात.

जूनमध्ये व्हँकुव्हरच्या मावसबहिणीबरोबर मी कॅनडाच्या युकॉन भागात गेले होते. व्हाइटहॉर्सपासून डॉसन सव्वापाचशे किलोमीटर. गावातले रस्ते अजून कच्चे, कडेने चालायला लाकडी फळ्या, आणि मध्यरात्रीही पुस्तक वाचता येईल इतका उजेड. 1898 मध्ये सोन्यापायी इथे तीसेक हजार माणसं येऊन पडली होती.

बोनान्झा ओढ्याकाठी गाडी थांबवली. नंतरच्या काळात यंत्रांनी उपसून टाकलेल्या गोट्यांचे ढिगारे दूरवर पसरलेत. त्या काळी मात्र सगळं हातांनी. जमीन बारमाही गोठलेली. शेकोटी पेटवून ती वितळवायची, वीतभर खणायचं, पुन्हा शेकोटी. हिवाळाभर माती वर काढून ढीग घालायचे आणि वसंतात ओढा वाहता झाला की ते धुऊन सोनं वेगळं करायचं. म्हणजे तोवर खणणाऱ्याला जगवायला हवं. ही बाजू मला वाचून ठाऊक होती, पण ओढ्याच्या काठावर उभी राहिल्यावर ती खरी कळली.

ओंडक्यांची झोपडी, फटींत कोंबलेलं शेवाळ, छपरावर माती. पाणी हवं तर ओढ्यातला बर्फ फोडून आणायचा आणि चुलीवर वितळवायचा. घमेलंभर बर्फाचं पाणी किती थोडं होतं! त्यातच स्वयंपाक आणि त्यातच चिखलाने कडक झालेले लोकरीचे कपडे. जेवण म्हणजे पीठ, घेवडा, खारवलेलं डुकराचं मांस, तेच ते महिनोन्महिने. मार्था ब्लॅक ही अमेरिकन बाई 1898 साली गरोदरपणी, किनाऱ्याकडून इकडे येणाऱ्या वाटेवरची चिलकूटची खिंड चढून आली. नवऱ्याने वाटेतच दुसरीकडे जायचं ठरवलं होतं. जानेवारी 1899 मध्ये ती अशाच एका झोपडीत बाळंत झाली. पुढे 1935 मध्ये, सत्तरीला टेकल्यावर, ती कॅनडाच्या संसदेत निवडून गेली.

बेलिंडा मलरूनी ही आयर्लंडमध्ये जन्मलेली बाई तर कापड आणि गरम पाण्याच्या रबरी पिशव्या घेऊन आली. त्या थंडीत कशाला मागणी येणार, हे तिने बरोबर ओळखलं होतं. ते विकून मिळालेल्या पैशांतून तिने बोनान्झा आणि एल्डोराडो ओढ्यांच्या संगमावर, ऐन खाणींच्या मधोमध, खाणावळ थाटली. तिथल्या जमिनीवरचा केरही धुऊन घेत, कारण गिऱ्हाइकांच्या हातून सोन्याची भुकटी सांडायची. केर काढणाऱ्या बाईलाच हे सुचणार!

पण माझं मन अडकलं ते केट कारमॅकपाशी. ती इथल्याच टॅगिश लोकांतली, माहेरचं नाव शाआव त्ला. 16 ऑगस्ट 1896 ला बोनान्झा ओढ्यात जे सोनं सापडलं आणि ही सगळी झुंबड उडाली, ते तिचा नवरा जॉर्ज, भाऊ स्कूकम जिम आणि भाचा डॉसन चार्ली यांच्या नावावर आहे. ती त्यांच्या बरोबर होती, आणि सोनं पहिल्यांदा तिलाच दिसलं असंही काही जण सांगतात. जमिनीचे पट्टे मात्र तिघा पुरुषांच्या नावे झाले. सोनं हाती येईपर्यंत केट खाणवाल्यांसाठी कातड्याचे बूट आणि हातमोजे शिवत होती, कपडे धूत होती, सशांसाठी फास लावत होती, बोरं गोळा करत होती. ही हातमोज्यांची गोष्ट मला सोडेना. हात उघडा राहिला तर बोटं जातात, आणि बोटं गेली तर फावडं कोण धरणार?

1900 मध्ये जॉर्जने तिला कॅलिफोर्नियात सोडून दिलं. लग्न तिच्या लोकांच्या रीतीने झालेलं, कागद नव्हता. कोर्टात ते सिद्ध करता आलं नाही आणि वाटाही मिळाला नाही. वाचताना मला संताप आला. "ताई, आपल्याकडे सातबाऱ्यावर बायकांची नावं कुठे असतात गं?" बहीण म्हणाली.

परतताना युकॉनमधल्याच कारक्रॉस गावी उतरलो. कॅलिफोर्नियाहून केट इथे परतली, भावाने बांधून दिलेल्या घरात राहिली आणि 1920 मध्ये फ्लूच्या साथीत गेली. कॅनडाच्या खाणकामातल्या थोरांच्या यादीत नवरा, भाऊ आणि भाच्याची नावं 1999 मध्ये लागली. तिचं नाव तिथे यायला आणखी वीस वर्षं जावी लागली.

बेनेट तळ्याकाठच्या एका दुकानात टॅगिश बायकांनी शिवलेले हातमोजे मांडले होते. एक जोड उलटून पाहिला: आतून लोकर, बाहेरून कातडं, मनगटाशी मण्यांचं फूल, आणि टाके इतके बारीक की मोजायला चष्मा लावावा लागला. जोड घेतला. विकणाऱ्या आजींनी आधी माझा हात आपल्या हातात घेऊन माप पाहिलं, मग म्हणाल्या, "अंगठा जरा ओढून बघा, कपडे धुणाऱ्या हाताला तिथे जागा लागते."