"सेटल होईल, सर": पुढच्या बंपरची फिल्म आणि मी

ग्लव्हबॉक्समध्ये मी पीपीएफचा, म्हणजे गाडीचा रंग वाचवायला वरून चिकटवतात त्या पेंट प्रोटेक्शन फिल्मचा, तळहाताएवढा एक तुकडा जपून ठेवलाय. खरं तर तो पारदर्शक असायला हवा, पण चिकट बाजूला गडद निळ्या रंगाचा एक पापुद्रा बसलाय आणि त्याच्या पाठीला प्रायमरचा करडा थर. तो रंग माझ्या गाडीच्या पुढच्या बंपरचा. म्हणजे, होता. "पीपीएफ करून घेऊ का रे?" असं कुणी विचारलं की आधी तो तुकडा हातात देतो, मग उत्तर. उत्तर "घे" असंच असतं, तेवढं आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून गैरसमज व्हायचा.

गाडी दोन दारांची, बसकी, आणि मी घेतलेली सेकंडहँड. तिचं नाक इतकं खाली आहे की पुढच्या ट्रकच्या टायरखालून उडालेली खडी दुसरीकडे कुठे जाणारच नाही. पहिल्याच लांबच्या फेरीत दोनदा "टक्" ऐकलं. उतरून पाहिलं तर बॉनेटच्या कडेला दोन पांढरे ठिपके, मोहरीएवढे. त्या रात्री झोप लागली नाही हे सांगायला लाज वाटते, पण लागली नाही.

सिरॅमिक कोटिंग कर, असं चार जणांनी सांगितलं. सिरॅमिकने चमक येते, पाणी घरंगळतं, धुणं सोपं जातं. खडी थांबत नाही. त्याचा थर जेमतेम एकदोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पीपीएफ म्हणजे पॉलियुरेथेनची 150 ते 200 मायक्रॉनची फिल्म. कंपनीने दिलेले रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात, म्हणजे रंगापेक्षा ही वरची कातडीच जाड. मुळात ती व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू आणि कचऱ्यापासून वाचवायला निघाली. एवढं वाचल्यावर मी विरघळलो. हेलिकॉप्टरला चालते तर माझ्या बॉनेटला का नाही?

पुढचा पूर्ण भाग करायचं ठरलं: बॉनेट, दोन्ही फेंडर (पुढच्या चाकांवरचे पत्रे), आरसे, हेडलाइट, बंपर. फिल्म लावणाऱ्याच्या दुकानात गाडी टाकली. धुतली, लोखंडाचे कण काढायचं औषध मारलं, रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारा क्ले फिरवला, पॉलिश केलं. यात सांगण्यासारखं काही नाही. मात्र पॉलिश झाल्यावर, फिल्म लागण्याआधी, एकदा जाऊन रंग डोळ्यांनी बघून घ्या. खाली राहिलेला ओरखडा पुढची कित्येक वर्षं काचेखालच्या फोटोसारखा दिसत राहतो.

बॉनेट बसवताना मी उभा होतो. बेबी शाम्पूचे चार थेंब टाकलेलं पाणी आधी रंगावर मारलं, मग फिल्मच्या चिकट बाजूला. दोघांनी चार कोपरे धरून ती वरून सोडली, तेव्हा ती पाण्यावर तरंगत होती, बोटाने ढकलली की सरकायची. मग मधून कडेकडे स्क्वीजी, म्हणजे पाणी निपटायची पट्टी, दर फटक्याला खालून पाणी बाहेर. कडेला आल्यावर दुसरी बाटली, अल्कोहोलचं पाणी. ते मारलं की गोंद धरतो. पाऊण तासात बॉनेटवर फिल्म आहे की नाही हे मला कळेनासं झालं. मी खूश. दोन्ही फेंडर, आरसे, सगळं असंच सुरळीत.

आणि मग बंपर.

या बंपरला एक सरळ जागा नाही. मधे जाळी, दोन बाजूंना हवेसाठी खोल कप्पे, खाली ओठासारखी कड, आणि कोपऱ्यात तिन्ही दिशांना एकदम वळणारा बाक. फिल्म ताणली जाते, पण तिलाही मर्यादा आहे. कारागिराने सुरुवातीलाच विचारलं होतं, "सर, एकसंध लावू की बॉडीलाइनवर जोड देऊ?" (बॉडीलाइन म्हणजे गाडीच्या अंगावरची घडीसारखी रेघ.) मी छाती फुगवून म्हणालो, "जोड नको. एकसंध." ही माझी पहिली चूक. जोड म्हणजे कामचुकारपणा, असं कुठेतरी वाचून डोक्यात बसलं होतं.

गाडी हातात आली तेव्हा बंपरवर दुधाळ डाग होते, दोन्ही कोपऱ्यांत फिल्मला चुण्यांसारख्या तीन-तीन रेघा, आणि उजव्या कप्प्याच्या वर एक कण, भोवती बारीक कडं. मी बोट ठेवलं. कारागीर म्हणाला, "सेटल होईल, सर."

हे वाक्य मी पुढच्या महिन्यात नऊ वेळा ऐकलं. त्यातलं चीड आणणारं काय, तर ते अर्धं खरं असतं. दुधाळ डाग म्हणजे खाली अडकलेलं पाणी. ते फिल्ममधून हळूहळू उडून जातं, दोन-तीन आठवडे लागतात, थंडीत जास्त. माझे डाग सतराव्या दिवशी गेले, अगदी त्याने सांगितल्यासारखे. पाण्याचे फुगेही बसतात. पण हवेचा फुगा आपणहून बसेलच असं नाही. कण तर कधीच बसत नाही. तो तिथेच राहतो, टेकडीसारखा. आणि चुण्या, ज्यांना ही मंडळी "फिंगर" म्हणतात, म्हणजे फिल्म चुकीच्या दिशेने ताणली गेल्याची खूण. गोंदाने एकदा तशी पकड घेतली की त्याही जात नाहीत. मला हे तेव्हा कळत असतं तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं, "यातलं नेमकं कुठलं सेटल होईल?" तुम्ही विचारा. तिथल्या तिथे, एकेका डागावर बोट ठेवून, फोटो काढून.

मी मात्र रोज सकाळी मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बंपरसमोर उकिडवा बसायचो. घरच्यांनी आधी विचारलं, मग विचारणं सोडलं.

दहाव्या दिवशी गेलो. "ऊन लागू द्या, सर." तिसऱ्या आठवड्यात डाव्या कोपऱ्याची कड किंचित उचलली आणि तिच्याखाली मातीची काळी रेघ धरली. हा फोटो पाहिल्यावर "सेटल" हा शब्द पहिल्यांदा गळून पडला. "बंपर परत करून देतो," तो म्हणाला. वाद न घालता म्हणाला, हेही लिहायला हवं.

परत करायचं म्हणजे आधी जुनी काढायची. हीट गनने फिल्म गरम करायची, कड उचलायची आणि अंगालगत मागे दुमडून सावकाश ओढायची, काटकोनात उचलायची नाही. ओढताना एक संथ, एकसुरी चर्र असा आवाज येतो. मी दोन पावलांवर उभा होतो. उजवा अर्धा भाग छान निघाला. डाव्या कोपऱ्याशी आवाज अचानक बंद झाला. कारागिराचा हात हवेतच थांबला. फिल्मच्या आतल्या बाजूला निळा तुकडा होता आणि बंपरवर त्याच आकाराचं काळं प्लास्टिक.

कुणीच काही बोललं नाही. मग तो म्हणाला, "सर, बंपर रिपेंट आहे."

माझा आवाज चढला. गाडी टाकली त्या दिवशी यांनीच सगळ्या गाडीवर रंगाची जाडी मोजायचा मीटर फिरवला होता, माझ्यासमोर! मग तेव्हा का नाही कळलं? त्याने शांतपणे मीटर आणला, बॉनेटला लावला, आकडा आला. बंपरला लावला, काहीच नाही. हे मीटर लोखंड आणि अॅल्युमिनियमवर चालतात. रंगाखाली धातूच नसेल तर मोजणार काय? प्लास्टिकसाठी अल्ट्रासाउंडवाला वेगळा मीटर लागतो आणि तो त्याच्याकडे नव्हता. म्हणजे सगळ्या गाडीत रंग कंपनीचा नसण्याची शक्यता जिथे सर्वात जास्त, नेमक्या त्याच भागावर तपासणी झालेलीच नव्हती. मग जॉबकार्ड, म्हणजे गाडी टाकताना भरलेला कामाचा कागद, निघालं. खाली बारीक अक्षरात: रंग मूळचा नसल्यास फिल्म काढताना होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी ग्राहकाची. त्याखाली माझी सही, झोकदार.

फिल्मच्या कंपनीची वॉरंटीही साधारण तसंच म्हणते, हे मी नंतर बसून वाचलं. फिल्म पिवळी पडणं, तडकणं, सुटणं यांची हमी; रंग निघण्याची नाही, आणि असलीच तर मूळच्या रंगापुरती. लावण्यातल्या चुका लावणाऱ्याच्या माथी, त्याही त्याने लिहून दिल्या असतील तर. माझ्याकडे लेखी काहीच नव्हतं. कण राहिला तर, कड उचलली तर, किती दिवसांत परत करून देणार, हे गाडी टाकण्याआधी कागदावर घ्या.

आता दुसरी चूक, आणि ही कबूल करायला मला बरेच दिवस लागले. गाडी घेताना आधीचा मालक म्हणाला होता, "पुढे बंपरला जरासा टचअप केलाय." मी ऐकलं होतं. मला गाडी इतकी आवडली होती की ते वाक्य मी ऐकलं आणि सोयीने विसरलो. कारागिराने "पॅनल सगळे ओरिजिनल ना?" असं विचारलं तेव्हा मी "हो हो" म्हणालो. जरासा टचअप! सगळा बंपर रंगवलेला होता, आणि खालचं प्लास्टिक नीट न घासता.

तोडगा निघाला. रंगाचा खर्च माझा, फिल्म आणि मजुरी त्याची. मला तेव्हा हा अन्याय वाटला होता. आता वाटतं, ठीक होतं.

बंपर रंगवून आला आणि मी त्याच दिवशी फोन केला. "आता 30 दिवस थांबा, सर." मला वाटलं, हा सूड आहे. रंगवणारा तर म्हणत होता, भट्टीत भाजलाय, परवा लावा. कुणाचं ऐकायचं? शोधाशोध केली तर थांबायला सांगणारेच जास्त. किमान 30 दिवस, काही जण 60. नवा रंग वरून सुकलेला दिसतो पण आतलं सॉल्व्हंट अजून उडत असतं. वरून फिल्मचं झाकण बसवलं तर ते बाहेर पडायला वाट मागतं: फुगे येतात, किंवा रंग आणि प्लास्टिकची पकडच कच्ची राहते आणि पुढच्या वेळी परत तोच निळा तुकडा. थांबलो. त्या 30 दिवसांत गाडी जेमतेम तीनदा काढली, तीही पहाटे, पुढे कुणी ट्रक नाही याची खात्री करून. एकोणिसाव्या दिवशी मी फोन केला आणि "20 चालतील का?" असं विचारलं. पलीकडून फक्त हसू आलं.

दुसऱ्यांदा फिल्म लावताना त्याने फॉगलॅम्पच्या पट्ट्या आणि जाळी काढली, नंबरप्लेट काढली, दोन माणसं लावली. या वेळी मीच म्हणालो, "जोड द्या." खालच्या ओठाच्या रेषेवर जोड दिला, आणि कोपऱ्याला फिल्म ताणायची गरज अर्ध्यावर आली. चुणी एक नाही. जोड कुठे आहे हे आजही मला गुडघ्यावर बसून शोधावं लागतं. कडा आत दुमडून घेतल्या आहेत, त्यामुळे माती धरायला जागाच नाही. एका ठिकाणी अगदी बारीक कण आहे, खसखशीएवढा. टॉर्च तिरका धरला तरच दिसतो. मी टॉर्च धरणं सोडलंय.

मधेच आठवलं: कापायची पद्धत विचारून घ्या. काही जण प्लॉटरवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कापायच्या यंत्रावर, गाडीच्या मापाने आधीच कापून आणतात, काही जण मोठा पन्ना लावून गाडीवरच ब्लेडने कापतात. दुसऱ्या पद्धतीत कडा जास्त आत नेता येतात, पण हात चुकला की ब्लेडची रेघ रंगात, कायमची. हात ओळखीचा नसेल तर प्लॉटर बरा. आणि पहिला आठवडाभर गाडी धुवायची नाही. नंतरही प्रेशरचा फवारा फिल्मच्या कडेवर सरळ मारायचा नाही. धुताना पडलेल्या बारीक रेघा उन्हाने किंवा गरम पाण्याने आपोआप भरून येतात, हे मात्र खरं निघालं. मी किटलीभर कढत पाणी ओतून पाहिलंय आणि लहान मुलासारखा दोनदा पाहिलंय. खोल काप भरत नाही. पक्ष्यांची शिट आणि चिकटलेले किडे फिल्मवरही डाग सोडतात, ते लगेच भिजवून पुसायचे.

गेल्या आठवड्यात बंपरवर तसाच "टक्" झाला. थांबलो, पाहिलं. फिल्मवर नखाएवढाही व्रण नाही. विजयी मुद्रेने गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या चाकापुढे आलो. तिथे सात ठिपके. या गाड्यांचे टायर रुंद आणि चिकट, रस्त्यावरची खडी उचलतात आणि पुढची चाकं ती थेट मागच्या फुगीर भागावर फेकतात. तिथे फिल्म लावायला हवी होती, हे मला गाडी टाकतानाच कुणीतरी सांगायला हवं होतं. की सांगितलं होतं आणि मी "हो हो" म्हणालो होतो?

फोन केला. त्याने नंबर ओळखला. पहिलाच प्रश्न: "मागचे पॅनल ओरिजिनल आहेत ना, सर? मीटर लावून सांगा."