किरकोळ

बाबांच्या हिशेबाच्या वहीत रोजची शेवटची ओळ ठरलेली असे. भाजी साडेतीन, गिरणी दीड, रॉकेल सहा, पोस्टाची पाकिटं दोन. त्याखाली जरा तिरकं, पेन हलकेच टेकवून लिहिलेलं असे : किरकोळ. पुढे कधी सव्वा रुपया, कधी पावणेदोन, कधी नुसते साठ पैसे. बाकीच्या ओळी मुख्याध्यापकाच्या वळणदार अक्षरात आणि ही एकच ओळ चोरट्या अक्षरात.

वही म्हणजे कुणीतरी भेट दिलेली मागच्या वर्षाची डायरी. छापलेला वार खोडून शेजारी नवा वार लिहायचा. नवी डायरी बाबा कधी वापरत नसत, ती 'चांगली आहे' म्हणून पुढच्या वर्षासाठी ठेवत. म्हणजे आमच्या घराचा जमाखर्च कायम एक वर्ष मागे चाले.

रात्री जेवणं झाली, ओटा पुसला गेला, की बाबा चटईवर बसत आणि आईला विचारत, "हं, काय काय झालं आज?" आई पोळ्यांचं फडकं झटकता झटकता सांगे. बाबा बेरीज करत, हातचा पुटपुटत, मग पाकिटातले पैसे मोजत. आणि दररोज, न चुकता, काहीतरी कमी भरे.

"दीड रुपया लागत नाहीये."

"अहो, झालं असेल काहीतरी किरकोळ. लिहून टाका."

"काहीतरी म्हणजे काय? पैशाला पाय फुटतात का?"

"फुटतात. तुमच्याही खिशातल्या पैशाला फुटतात. मी विचारते का?"

यावर बाबा चष्मा वर सरकवत आणि लिहीत : किरकोळ 1.50.

बाबांची चीड मला आता कळते. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. तिथे खडू, डस्टर, शाई असल्या खर्चाला 'सादिल' म्हणत आणि सादिलच्या प्रत्येक रुपयाला पावती जोडावी लागे. एकदा एक पावती सापडेना, तर माणूस दोन दिवस धड जेवला नव्हता. घरात मात्र पावत्या नव्हत्या. घरात आई होती. आणि आईच्या दीड रुपयात भिशीसाठी बाजूला टाकलेले आठ आणे असायचे, दारावर आलेल्या बोहारणीशी घासाघीस करून घेतलेल्या चहाच्या गाळणीवर वरून द्यावा लागलेला रुपया असायचा. बाबांच्या खिशातलं जे पायानं चालत जाई, ते शाळेच्या कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीपर्यंत जाई. हे आईला ठाऊक होतं, आणि आईला ठाऊक आहे हे बाबांना. दोघांनी मिळून त्या सगळ्यावर एक शब्द टाकला होता, ताटावर फडकं टाकावं तसा.

तसा हा शब्द मुलखाचा भटक्या. अंगानं बारीक माणूस किरकोळ. मला बघायला आलेल्या मंडळींतल्या एका मावशींनी "मुलगा चांगला आहे, पण जरा किरकोळ आहे" असा शेरा मारला होता, आणि वजन वाढून पंधरा वर्षं झाली तरी तो घरात अजून चलनात आहे. किरकोळ दुखापत, किरकोळ रजा, किरकोळ विक्री. वर्तमानपत्रात 'किरकोळ कारणावरून' मथळा दिसला की खाली डोकं फुटलेलं असणार हे नक्की. आणि 'किरकोळ महागाई' हे शब्द बातम्यांत ऐकले की आई अजून उसळते. "महागाई आणि किरकोळ? मंडईत येऊन बघा म्हणावं." घाऊक आणि किरकोळ यांतला तो किरकोळ, असं मी समजावून पाहिलं. रिझर्व्ह बँकेला 2016 पासून ही महागाई चार टक्क्यांवर ठेवायचं लक्ष्य दिलेलं आहे, फार तर दोन टक्के वर-खाली, हेही सांगितलं. आई म्हणाली, "दोन टक्के वर-खाली चालतं ना त्यांना? मग तुझ्या बाबांना दीड रुपया का चालत नव्हता?"

पुढे उत्सुकतेपोटी मी ही महागाई मोजतात कशी ते पाहिलं. 2012 च्या किमती पायाला धरून काढलेल्या तेव्हाच्या आकड्यांत घरखर्चाच्या शंभरातले जवळपास 46 भाग खाण्यापिण्याचे, घराचे 10, कपडे-चपलांचे साडेसहा, इंधन-दिव्याचे सात, पान-तंबाखूचे दोनच्या वर थोडे. (पान-तंबाखूला सरकारी यादीत स्वतःचा गट आहे, हे बाबांना सांगायचं धाडस मी केलेलं नाही.) आणि उरलेले 28 भाग? त्या गटाचं नाव सरकारी मराठीत 'संकीर्ण' होतं. म्हणजे आपलं किरकोळच. त्यात काय काय बसवलं होतं म्हणता? औषधपाणी, शिक्षण, प्रवास, करमणूक. मुलांच्या फिया आणि डॉक्टरची बिलं किरकोळीत घालणाऱ्या त्या अज्ञात कारकुनाविषयी मला एकदम आपलेपणा वाटला. त्याच्याही घरी कुणीतरी "लिहून टाका" म्हणणारं असावं.

आमच्या वहीतलं सगळ्यात मोठं किरकोळ चाळीस रुपयांचं होतं. त्याची हकीकत मला पक्की माहीत आहे, कारण ते माझंच होतं. मागच्या आळीतल्या एका घराची खिडकी मी चेंडूनं फोडली. त्या गृहस्थांनी शाळेत जाऊन बाबांना गाठलं. बाबांनी तिथल्या तिथे काचेचे पैसे दिले. संध्याकाळी घरी आले, मला एवढंच म्हणाले, "बॅट माळ्यावर ठेव." रात्री हिशेब झाला. मी पांघरुणात डोळे मिटून जागा.

"चाळीस रुपये किरकोळ?" आई म्हणाली. "अहो, चाळीस?"

"असतं," बाबा म्हणाले, आणि डायरी मिटल्याचा आवाज आला.

महिनाभर मी दूध आणायला, दळण टाकायला, सांगितल्याबरोबर उठत होतो. बॅट मेमध्ये खाली आली.

त्या वहीत रुपयांच्या शेजारी पैशांचा वेगळा रकाना असे. पैसा दशमान होऊन, म्हणजे 1957 उलटून, तीस-पस्तीस वर्षं झाली होती तरी बोलण्यात चार आणे, आठ आणेच चालत, आणि लिहिताना बाबा त्यांचे 25 आणि 50 करत. 2011 च्या जूनअखेर पावली कायद्यानंही गेली. त्यानंतरच्या डायऱ्यांत पैशांच्या रकान्यात नुसती शून्यांची रांग आहे. रकाना मात्र बाबांनी आखायचा सोडलेला नाही.

आता हिशेब लिहायचं काम मोबाईल परस्पर करतो. चहाचे पंधरा रुपये स्कॅन करून दिले की दुकानातला डबा गावभर ओरडून सांगतो आणि बँकेच्या नोंदीत वेळ, दुकानाचं नाव, सगळं चढतं. कमी काही भरतच नाही. पण बँकांनाही या चिल्लरीचा कंटाळा आला असावा. 2022 मध्ये 'यूपीआय लाइट' आलं : थोडे पैसे एकदम बाजूला काढून ठेवायचे, सुरुवातीला एका वेळी 200 रुपयांपर्यंत त्यातून खर्चायचे, आणि पासबुकात फक्त पैसे बाजूला काढल्याची एक ओळ. पुढे त्यातून वडापाव खाल्ला की फुलं घेतली, पासबुकाला पत्ता नाही. एवढ्या अभियंत्यांनी डोकं लढवून शेवटी आईचा भिशीचा डबाच तयार केला. मी आळसापायी ते सुरू केलं नव्हतं, आणि त्याची किंमत मोजली.

गेल्या महिन्यात आईबाबा आमच्याकडे होते. जेवणं झाल्यावर बाबांनी सवयीनं विचारलं, "हं, काय काय झालं आज?" मी कौतुकानं मोबाईलच त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि शाळा तपासणीला आल्यासारखे एकेक नोंद वाचू लागले. किराणा. पेट्रोल. औषधाचं दुकान. मुलीच्या क्लासची फी.

"सगळं लागतंय," ते जरा हिरमुसून म्हणाले. मग थांबले. "हे काल रात्री साडेदहाचे एकशे वीस कसले? कुल्फी सेंटर?"

काल रात्री साडेदहाला मी शतपावलीला गेलो होतो. साखरेचा रिपोर्ट येऊन चारच दिवस झाले होते, आणि घरातली सगळी मिठाई बायकोनं शेजारी देऊन टाकली होती. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"ते... किरकोळ," मी म्हणालो.

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"असतं," ते म्हणाले, आणि अंगठ्यानं ती ओळ वर सरकवली.