नागपूरजवळची ती वीस माकडं

एप्रिल २०२१ मध्ये माझे मोठे काका कोरोनाने गेले. रात्रभर आम्ही सगळे बेडसाठी फोन लावून राहिलो होतो, कुठेच मिळाला नाही. त्यामुळे मे मध्ये कोव्हॅक्सिनचा स्लॉट मिळाला तेव्हा सुटलो एवढंच वाटलं, ही सुई माझ्याआधी कोणाला टोचली असेल हे डोक्यात पण आलं नाही.

मग त्याच वर्षी पेपरात वाचलं. आयसीएमआर म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था, तिचे तेव्हाचे प्रमुख बलराम भार्गव यांनी लिहिलं होतं की लसीच्या चाचणीसाठी लाल तोंडाची माकडं पाहिजे होती आणि प्रयोगशाळेत वाढवलेली आपल्याकडे नव्हतीच. लॉकडाऊनमध्ये रस्त्यावर माणसं नाही, खायला कोणी टाकत नाही, म्हणून माकडं जंगलात आत निघून गेलेली. वनखात्याची माणसं कित्येक दिवस शोधत फिरली आणि शेवटी ती सापडली कुठे तर आपल्या नागपूरजवळ! वीस माकडं. तिथून पुण्याला, एनआयव्ही या विषाणू संशोधन संस्थेत.

पाच-पाचचे चार गट केले. तीन गटांना लसीचे वेगवेगळे प्रकार दिले, एका गटाला नुसतं प्लासिबो, म्हणजे लस नसलेलं इंजेक्शन, आणि नंतर सगळ्यांना मुद्दाम कोरोनाचा विषाणू दिला. लस दिलेल्यांना न्यूमोनिया झाला नाही, प्लासिबोवाल्यांना झाला.

मी बीएस्सीला झूलॉजी घेतलं होतं, आम्ही पण बेडूक कापले. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या लावून. जे प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आधीच काढलेलं होतं तेच परत पाहायला एकेक जीव घेतला, त्याची मला आजही लाज वाटते. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठांवरच्या केंद्रीय आयोगाने, २०१४ मध्ये ते बंद करायला सांगितलं, फार उशिरा सांगितलं. पण माकडांचं मला तसं म्हणता येत नाही. म्हणजे कशासाठी हा प्रश्न आधी विचारलाच पाहिजे ना. पूर्वी आपण हजारोंनी माकडं अमेरिकेला पाठवायचो, औषधांच्या कामासाठी म्हणून, आणि तिकडे लष्कराच्या रेडिएशनच्या प्रयोगात ती वापरली जातात हे कळल्यावर १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने निर्यातच बंद केली. बरोबर केलं. बॉम्बसाठी नाही म्हणजे नाही.

लसीसाठी मात्र मी हो म्हणतो, आणि म्हणताना बरं वाटत नाही. काकांना ती वेळेत मिळाली असती तर, हा विचार आला की माझा हो पक्का होतो. मग ती पाच माकडं आठवतात, ज्यांना लस दिलीच नव्हती. त्यांना न्यूमोनिया झाला म्हणूनच तर कळलं की बाकीच्यांना लसीने वाचवलं.

परवा आईला हे सगळं सांगितलं. ती कणीक मळून राहिली होती, हात थांबवून म्हणाली, "त्यांचा पण श्वास काकांसारखाच लागला असेल का रे?"