पाणथळीत आधी पाणी, मग रोपं

पाणथळ जागा वाचवायचं ठरलं की गट सगळ्यात आधी रोपं आणतो. ती रोपं बहुतेकदा मरतात, कारण पाणी बाहेर नेणारा चर तसाच उघडा असतो. पाणी किती खोल, किती दिवस आणि कोणत्या ऋतूत थांबतं, यावर तिथलं सगळं जगणं ठरतं. ते पूर्वीसारखं झालं तर गाळात निपचित पडलेलं बी बऱ्याचदा आपणहून रुजतं आणि लागवडीची फारशी गरजच उरत नाही.

सुरुवात अर्धा मीटर खोल खड्ड्याने करा. माती राखाडी-निळसर असेल आणि जुन्या मुळांच्या कडेने तांबूस रेषा दिसल्या, तर इथे पाणी दीर्घकाळ मुरून राहायचं हे नक्की. हवा नसली की मातीतलं लोह विरघळतं आणि रंग फिका पडतो. मुळांवाटे हवा पोचते तिथे ते पुन्हा गंजतं. मात्र जागा कोरडी पडल्यावरही हे रंग वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून आजचं पाणी वेगळं मोजावं लागतं. सेंटिमीटरच्या खुणा केलेला एक खांब उथळ पाण्यात रोवा. काठावर सुमारे मीटरभर खोल, भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप उभा करा. त्याच्याभोवती जाड वाळू भरा आणि वरच्या बाजूला चिकणमातीचं बूच मारा. नाहीतर पावसाचं पाणी पाइपलगत खाली उतरतं आणि नोंदी फसव्या येतात. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, निदान एक वर्षभर नोंद घ्या. हे वर्ष वाया गेलं असं कुणालाही वाटू देऊ नका.

मग चर. तो बांध घालून बुजवायचा, पण नुसती माती लोटून बुजत नाही. तळातला गाळ आणि मुळं राहिली की पाणी त्यांतूनच वाट काढतं आणि बांध खालून पोखरला जातो. घट्ट माती लागेपर्यंत तळ आणि दोन्ही कडा खरवडा. बांध दोन्ही काठांत खाच घेऊन आत शिरवा. ओलसर चिकणमाती 15 ते 20 सेंटिमीटरच्या थरांनी घाला आणि प्रत्येक थर धुमसा. माती बसते, म्हणून माथा काठापेक्षा थोडा उंच ठेवा. उतार असेल तर एका मोठ्या बांधापेक्षा लहान-लहान अनेक बांध घाला: खालच्या बांधाचं पाणी वरच्याच्या पायथ्याला टेकलं पाहिजे. जादा पाणी माथ्यावरून न जाता बाजूच्या गवतात पसरू द्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच पाहणी करा, कारण बांध कडेने फुटतो तो बहुधा तेव्हाच.

बांध घालण्याआधी पाणी कुठवर चढेल ते पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने समपातळी काढून खुंट्यांनी दाखवा, आणि ज्यांची जमीन त्या रेषेत येते त्यांना तिथे उभं करून विचारा. हे टाळलं तर बांध रात्रीतून फोडला जातो, आणि फोडणाऱ्याचा राग समजण्यासारखा असतो.

जलपर्णी अनुकूल परिस्थितीत साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि तिचं बी गाळात 15-20 वर्षंही जिवंत राहू शकतं. ती फुलण्याआधी काढा, वरच्या प्रवाहापासून सुरुवात करा आणि काढलेला ढीग पुराच्या रेषेपलीकडे न्या. काठावर कुजू दिला तर त्यातली पोषकद्रव्यं पावसाबरोबर परत पाण्यात येतात. सगळी एकदम औषध मारून कुजवली तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. आणि सांडपाणी येतच राहिलं तर ती परत येणारच. पाणकणीस, म्हणजे उथळ पाण्यात दाट वाढणारं उंच गवतासारखं झाड, माजलं असेल तर देठं पाण्याखाली कापा आणि काही आठवडे बुडालेली ठेवा. देठांतून कंदाला मिळणारी हवा तुटते.

यंत्राने ‘खोलीकरण’ करण्याला माझा ठाम विरोध आहे. तळाचा चिकणमातीचा थर फुटला की पाणी झिरपून जातं, आणि उभ्या कडांच्या खड्ड्यात लांब पायांच्या पक्ष्यांना उभं राहायला उथळ काठच उरत नाही. काठाचा उतार दहा मीटरला एक मीटर किंवा त्याहून सौम्य हवा. उन्हाळ्यात पाणी आटलं म्हणून बाहेरून आणून भरूही नका. हंगामी पाणथळीला ते आटणं लागतं: उघड्या गाळावर बी रुजतं, आणि मासे टिकत नाहीत म्हणून बेडकांची पिल्लं वाचतात.

रामसर करार, म्हणजे पाणथळी जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार, 1971 सालचा. त्यात पाणथळीचा ‘सुज्ञ वापर’ सांगितला आहे, आणि स्थानिकांच्या सहभागाची मार्गदर्शक तत्त्वं 1999 मध्ये स्वीकारली गेली. म्हणून गुरं चारणारे, गवत कापणारे, मासे धरणारे यांना कुंपणाबाहेर ठेवू नका. चराई कोणत्या महिन्यांत, जाळ्याचं भोक केवढं, विणीच्या काळात कोणता काठ बंद, हे त्यांनीच ठरवावं आणि लिहून ठेवावं. पाण्याच्या नोंदवहीची पाळीही त्यांच्याकडेच द्या, आणि वही दोन घरांत ठेवा.