आईमागं राहिलेलं पिल्लू

विजेच्या तारेला चिकटून वानरीण मेली की मला फोन येतोच. "सर, तिचं लेकरू दुसरी सांभाळंल का ओ?" प्राणिशास्त्र शिकवणाऱ्याला मराठवाड्यात हा जोडधंदा असतोच. तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

अंगावर पिणारं असेल तर अवघड आहे. वानरांच्या टोळीत नुकतं जन्मलेलं काळं पिल्लू माद्या एकमेकींकडून ओढून घेतात, पोटाशी धरून मिरवतात. त्यातल्या कितीतरी तरण्या, अजून न व्यालेल्या; त्यांना दूध कुठलं? तेव्हा दुसरीच्या पोटाशी दिसलं म्हणजे दत्तक गेलं, असं धरू नका. २०२१ साली माजलगाव तालुक्यात वानरं कुत्र्याची पिल्लं झाडांवर, माळवदांवर नेत होती. कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं म्हणून हा सूड, अशी कहाणी बातम्यांत रंगली. मला विचाराल तर ती हीच ओढ. पिल्लं मात्र वरून पडून दगावली.

खरं दत्तक बघायचं तर आफ्रिकेतल्या चिंपांझींकडे. टांझानियातल्या गोंबेत, जेन गुडाल यांच्या अभ्यासक्षेत्रात, १९८७ मध्ये मेल नावाचं सव्वातीन वर्षांचं पिल्लू पोरकं झालं. आई न्यूमोनियाच्या साथीत गेलेली, पाठीशी भाऊ-बहीण कुणी नाही. त्याला सांभाळलं स्पिंडलनं, बारा वर्षांच्या नरानं, जवळचं नातं नसताना! चालताना थांबून त्याची वाट बघायचा, पाठीवर घ्यायचा, मेलनं हात पसरला की आपल्यातलं खायला द्यायचा, रात्री स्वतःच्या घरट्यात झोपवायचा. मोठे नर थयथयाट करू लागले की मेलला ओढून बाजूला न्यायचा; त्यापायी स्वतः मारही खायचा. त्याच साथीत स्पिंडलचीही आई गेली होती. यावर लोक फार हळवं लिहितात. मी तेवढ्यावरून काही ठरवणार नाही. पण हा एकटाच वेडा नव्हता. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलातली अशी १८ दत्तकं २०१० साली प्रसिद्ध झाली, त्यातली निम्मी नरांनी घेतलेली.

आणि दूध सुटलं म्हणजे निभावलं, असंही नाही. गोंबेतलाच फ्लिंट आठ वर्षांचा, हातानं खाणारा. १९७२ मध्ये म्हातारी आई फ्लो गेली आणि महिनाभरात तोही गेला.

तुमच्या गावातलं पिल्लू पाला, शेंगा खात असेल आणि टोळी जवळपास असेल, तर हात लावू नका. पितं असेल तर घरी नेऊन बशीत गाईचं दूध ठेवण्यापेक्षा वनखात्याच्या १९२६ वर फोन लावा.