बाकावरच्या मुलीला विचारलेला आगाऊ प्रश्न

अमेरिकेत सेंट लुईसमध्ये आठ दिवस होते. आर्च, म्हणजे तिथली प्रसिद्ध उंच कमान, एका ओळीत उरकते: अंड्यासारख्या डब्यात पाचजण गुडघ्याला गुडघे लावून बसलो आणि चार मिनिटांत ६३० फूट वर. बाकीचे दिवस बहिणीच्या घरी हीटरपाशी गेले. लिहायचंय ते शनिवारच्या दुपारबद्दल.

भाचा तिथल्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत शिकतो. "मावशी, तू खेळायचीस ना बास्केटबॉल? चल, मॅच आहे." स्किंकर स्टेशनवर उतरून बोचऱ्या थंडीत चालत निघालो. आवारातच फ्रान्सिस फील्ड. १९०४ चं ऑलिंपिक इथे झालं. त्यातल्या मॅरेथॉनमध्ये सगळ्यात आधी पोचलेला गडी मधलं बरंचसं अंतर मोटारीतून आला होता, हे भाच्याने घरातल्याच कुणाचा पराक्रम सांगावा तसं सांगितलं.

मॅचच्या हॉलमध्ये बसायला नुसत्या फळ्या, पाठ टेकायची सोय नाही. पहिल्या दहा मिनिटांतच कंबर बोलायला लागली. आधी मुलींची मॅच, लगेच मुलांची, दोन्हीकडे समोर शिकागो युनिव्हर्सिटी. मुलींचे दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, मुलांचे वीस-वीसचे दोन हाफ. इथल्या मुली १९९८ ते २००१ सलग चार वर्षं आणि पुन्हा २०१० ला डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे तिथल्या कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या गटाच्या, राष्ट्रीय विजेत्या. त्या पहिल्या चार वर्षांच्या काळातच सलग ८१ सामने जिंकलेल्या. मुलांची विजेतेपदं दोन, २००८ आणि २००९. तरी फळ्या भरल्या त्या मुलांच्या मॅचला. हे इथेही तसंच, म्हणून मी चिडले.

शेवटच्या वर्षाच्या मुलींचा त्या दिवशी सत्कार होता. एकेक जण आईबाबांना घेऊन मैदानाच्या मध्यावर येत होती. त्यातली एक, डाव्या गुडघ्याला काळा पट्टा बांधलेली, सुरुवातीला खेळली, दोनेक मिनिटांत बाहेर आली आणि पुन्हा आत गेलीच नाही. पण खाली म्हणून बसली नाही. टॉवेल खांद्यावर टाकून उभ्याने टाळ्या आणि ओरडणं.

मुलांच्या मॅचला ती नेमकी आमच्या पुढच्या फळीवर. ओले केस, मांडीवर लॅपटॉप, हातात अर्धं केळं. स्क्रीनवर केमिस्ट्री. बास्केट पडली की लॅपटॉप छातीशी धरून उभी राहायची, मग पुन्हा केमिस्ट्री.

डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, हे भाच्याने वाटेत सांगितलं होतं. ते डोक्यात घोळत होतं. हाफटाइमला मी तिला विचारलंच, मग तुम्हाला मिळतं काय? भाच्याने कोपराने ढोसलं. तिला आधी प्रश्नच कळला नाही. म्हटलं, मार्क, नोकरीत काही फायदा? ती जराशी विचारात पडली आणि म्हणाली, "रोज प्रॅक्टिस असते ना."

असते नाही, होती. सीझन संपत आला होता. तिच्याही ते बोलल्यावरच लक्षात आलं असावं, कारण तिने केळ्याचं साल उगाच नीट घडी घालून ठेवलं.

मी सांगलीत पाच वर्षं खेळले. बारावीला खेळाचे वाढीव गुण मार्कशीटवर चढले, त्यानंतर कोर्टावर पाऊल टाकलं नाही. बॉल माळ्यावर गेला, पुढे भंगारवाल्याकडे. हे मी तिला सांगितलं नाही. भाच्यालाही नाही.

परतताना त्याने विचारलं, "मावशी, बोअर झालं का?" म्हटलं, कंबर दुखतेय.