काचेतला कडुनिंब

रात्री 1 वाजून 20 मिनिटांनी आलेला फोन सहसा ड्रायव्हरचा असतो, टायर फुटल्याचा किंवा नाक्यावर अडवल्याचा. त्या मे महिन्यातल्या रात्री मात्र फोन मनीषनगरच्या मॅडमचा होता. अभियांत्रिकी महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या या मॅडम मुलीकडे बंगळूरला कायमच्या राहायला चालल्या होत्या आणि त्यांची गाडी आमच्या कार-वाहतूक कंपनीच्या, नागपूरजवळच्या वाडी येथील यार्डातून त्याच संध्याकाळी निघाली होती. "भाऊ, माझी गाडी बंद कंटेनरमध्ये आहे ना? मग बोरखेडीच्या टोलनाक्यावर माझ्या फास्टॅगमधून कारचे पैसे कसे कापले गेले? तुमचा माणूस माझी गाडी रस्त्याने चालवत नेत आहे."

हा संशय आमच्या धंद्यात जुना आहे आणि तो नेहमीच चुकीचा असतो असे मी म्हणणार नाही. नागपूर ते बंगळूर हे अंतर सुमारे 1,100 किलोमीटर आहे. त्या वाटेवरच्या सहा-सात गाड्या जमल्याशिवाय ट्रेलर हलत नाही. बुकिंग घेताना "उद्या निघेल" असे सांगणारे आणि गाडी आठवडाभर धूळ खात ठेवणारे लोक पुष्कळ आहेत. मॅडमची गाडीही आमच्याकडे पाच दिवस उभी होती, त्यामुळे त्यांचा विश्वास आधीच पातळ झाला होता.

माझ्या हाती एकच भक्कम गोष्ट होती, ती म्हणजे तपासणीपत्रक. गाडी ताब्यात घेताना ती आधी धुऊन घ्यावी, मग चारी बाजूंनी फोटो काढावेत, प्रत्येक ओरखडा मालकासमोर लिहावा, टाकीत पाव भागापेक्षा जास्त इंधन ठेवू नये, आत सामान राहू देऊ नये आणि मीटरवरचे किलोमीटर नोंदवावेत, हा माझा नेम आहे. घरून निघताना 38,416 आणि वाडीच्या यार्डात, म्हणजे पंधरा किलोमीटर पुढे, 38,431 असे दोन्ही आकडे माझ्याच हस्ताक्षरात होते. गाडी रस्त्याने पळवली असती, तर बोरखेडीपर्यंतच हा आकडा कितीतरी वाढला असता.

ड्रायव्हरला फोन लागला तो पहाटेच. तो हिंगणघाटच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबला होता. वर चढून, किल्ली फिरवून मीटरचा फोटो पाठव, एवढेच मी त्याला सांगितले. साडेसहाला फोटो आला. आकडा होता 38,432. तो एक किलोमीटर यार्डातल्या हालचालीत आणि रॅम्पवर चढवण्यात वाढला असणार. मी समाधानाने तो फोटो तसाच मॅडमना पाठवून दिला आणि चहा टाकला. चहा उकळायच्या आत फोन पुन्हा वाजला.

"भाऊ, आकडा बरोबर आहे. पण मीटरच्या वर काच दिसते आणि काचेतून कडुनिंब दिसतो आहे. बंद कंटेनरात झाड कुठून आले?"

मी फोटो मोठा करून पाहिला. स्टिअरिंगच्या वर, काचेच्या खालच्या पट्टीत, उन्हात चमकणारी कडुनिंबाची फांदी स्वच्छ दिसत होती. मी फक्त आकडा पाहिला होता. त्यांनी फोटो पाहिला होता. टोलचे कोडेही तिथेच सुटले. फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरच्या यंत्राच्या लहरी पोहोचल्या की तो उत्तर देतो, आणि लोखंडी पत्र्याच्या पेटीत त्या लहरी सहसा पोहोचत नाहीत. उघड्या ट्रेलरवर, वरच्या मजल्यावर, अगदी पुढे, केबिनच्या डोक्यावर तोंड करून उभी केलेली कार मात्र लेनवरच्या यंत्राच्या जणू नाकाशी येते. त्यामुळे ट्रेलरच्या टॅगमधून टोल गेला आणि वर बसलेल्या कारच्या टॅगमधूनही गेला.

मी माल पाठवणाऱ्या विभागातल्या सहकाऱ्याला गाठले. तो शांतपणे म्हणाला, "बापा, बंद कंटेनर सोमवारपर्यंत नव्हता. उघड्यात एक जागा रिकामी जाऊन राहिली होती, टाकली." बिल्टीवर, म्हणजे वाहतुकीच्या पावतीवर, 'बंद कंटेनर' असे छापील होते, पैसेही बंद कंटेनरचे घेतलेले होते आणि मी तर मॅडमसमोर उभे राहून ऊन, पाऊस, दगड काही लागणार नाही असे सांगितले होते. ज्या कंपनीत मी काम करत होतो तिचे हे पहिलेच कृत्य नसावे, असे मला त्या उत्तराच्या थंडपणावरून वाटले. वरिष्ठांनी मला सल्ला दिला की टॅगचा तांत्रिक घोळ झाला म्हणून सांगून टाका. ज्या बाईंनी काचेतले झाड पकडले त्यांना हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. खरे तर इच्छाही झाली नाही. मी त्यांना जसे घडले तसे सांगितले.

त्या चिडल्या नाहीत, याचे मला आजही नवल वाटते. त्यांनी तीन गोष्टी लेखी मागितल्या: भाड्यातला फरक परत, वाटेत कारच्या टॅगमधून कापला जाणारा सगळा टोल परत, आणि गाडी उतरवताना माझ्याच पत्रकाप्रमाणे तपासणी. विम्याची चौकशी त्यांनी आधीच केली होती. खासगी कारच्या सर्वसमावेशक पॉलिसीत गाडी रस्त्याने किंवा रेल्वेने वाहून नेली जात असतानाचे नुकसानही धरलेले असते, हे त्यांनीच मला वाचून दाखवले.

सहाव्या दिवशी बंगळूरला गाडी उतरली. बॉनेटवर, उजव्या दिव्याच्या वर, मोहरीएवढा रंग उडालेला होता. कंपनीने तो डाग जुनाच असल्याचे कळवले. मॅडमनी उत्तरादाखल माझ्या पत्रकाची प्रत पाठवली, ज्यात 'बॉनेट' या शब्दापुढे मी निळ्या शाईने 'निर्दोष' असे लिहून खाली सही केली होती. फरक, टोल आणि रंगकामाचा खर्च पंधरा दिवसांनी जमा झाला. वरिष्ठ माझ्याशी महिनाभर फारसे बोलले नाहीत.